पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले साहेब

माझ्या लग्नात बरीच माणसं जेवून गेली, पण मांडवाच्या खांबाला कान लावून उभा राहिलेला माणूस एकच. ते आमचे साहेब.

मोहाडीला आमच्या घरापुढेच मांडव घातला होता. साहेब बसमधून उतरले, घाम पुसला, आणि मला, म्हणजे नवरीला, आशीर्वाद द्यायच्या आधी खिशातून बोटभर लांबीची हातोडी काढून एकेक खांब वाजवत सुटले. टक्, टक्. पाचव्या खांबाशी थांबले. कान लावला, पुन्हा वाजवला, मग माझ्या वडिलांना म्हणाले, "हा बदलून घ्या. आतून खाल्लेला आहे."

मांडववाला हसला. "साहेब, वीस वर्सांपासून याच पाईपांवर लगनं लावून राहिलो मी."

"म्हणूनच," साहेब म्हणाले.

वडिलांचं सगळं आयुष्य हातमागावर गेलेलं. कुठला धागा तुटणार हे त्यांना तुटण्याआधी कळायचं. त्यांनी काही न विचारता खांब बदलायला लावला. जुना पाईप खाली काढला तर बुडाशी गंजून कागदासारखा झालेला. त्यानंतर वडील साहेबांबद्दल वेडंवाकडं ऐकून घेत नसत, आणि वेडंवाकडं बोलणारे तर पुष्कळ होते.

मी त्यांच्या हाताखाली अनुरेखक होते. ही पोस्ट आता राहिलेली नाही. इंजिनीअर पेन्सिलीने नकाशा काढत, त्यावर पारदर्शक कागद ताणून आम्ही तोच शाईने गिरवायचा, मग त्याच्या प्रती निघायच्या. रेषा सरळ यायला हव्यात, शाई सांडायला नको. विचार करणं आमच्या कामात नव्हतं. ऑफिस भंडाऱ्याला. खातं कोणतं ते सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत.

साहेब मूळचे अड्याळचे, धान पिकवणाऱ्या घरातले. शिकून छत्तीसगडातल्या एका पोलादाच्या कारखान्यात गेले, तिथे वेल्डिंग शिकले. नुसतं पुस्तकातलं नाही, काच लावून स्वतः ठिणग्यांसमोर बसून. मग सरकारी नोकरीत आले. तेव्हा आमच्याकडे लोखंडाचा पूल म्हणजे रिव्हेटचा, पट्ट्यांना भोकं पाडून जाड खिळ्यांनी ठोकलेला, नाहीतर सरळ सिमेंटचा. वेल्डिंग खिडक्यांच्या गजांना करायचं, पुलाला नाही, असं भलेभले इंजिनीअर म्हणत. साहेबांनी आधी नहरावर एक पायपूल केला, मग नाल्यांवर चार, मग दोन मोठे. दर वेळी वरून हरकत यायची आणि दर वेळी साहेब पंधरा-पंधरा पानांची उत्तरं लिहायचे. ते कागद टाइप होताना टायपिस्ट रडकुंडीला यायचा. त्यांचे पूल हलके, कमी लोखंडाचे, दिसायला नाजूक. बाहेरगावचे इंजिनीअर बघायला यायचे, तेव्हा साहेब त्यांना पुलावर नेत नसत, पुलाखाली नेत. "वरून काय पाहता? वरून सगळेच पूल रस्ते दिसतात."

त्यांचा स्वभाव सांगावा तर पंचाईत होते. एसटीत बसले की बरोबर मागच्या चाकावरची सीट धरायचे आणि डोळे मिटून गाडीची कुरकुर ऐकायचे. कोणाकडे चहाला गेले की लोखंडी कपाटाच्या जोडावरून नख फिरवायचे. कॉन्ट्रॅक्टरला उभं ठेवून आधी वेल्डरला "जेवला का गा?" विचारायचे. आणि प्रत्येक जोडाशेजारी तो जोड ज्याने दिला त्या वेल्डरचा नंबर ठोकायला लावायचे, एक, दोन, तीन, चार. कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, हे कैद्यांसारखं वाटतं. साहेब म्हणायचे, "चित्रकार सही करतो, ती कैद्यासारखी वाटते का?"

मला ते पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. मी बावीस वर्षांची होते. एकदा मी विचारलं, रिव्हेट आणि वेल्डिंगमध्ये फरक काय, मला साध्या भाषेत सांगा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रिव्हेटचा पूल म्हणजे एकत्र कुटुंब, बाई. एकाचं बिनसलं तर बाकीचे धरून ठेवतात. भेग एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जात नाही. वेल्डिंगचा पूल म्हणजे एकटा माणूस. मजबूत असतो. पण आत भेग पडली की तिला अडवणारं कोणी नसतं."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. लहानपणी विधवा झालेली धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहायची. ती माझ्याशी कमीच बोलायची. एकदा मात्र म्हणाली, "याले भाकर करपली त समजत नाही, अन् कढईचा कान ढिला झाला त दुसऱ्या खोलीतून समजते."

आता त्या पुलाबद्दल.

लाखांदूरच्या बाजूला नदीवर एक मोठा पूल झाला. पलीकडे चार गावं. पावसाळ्यात ती तुटायची, पंचवीस किलोमीटरचा फेरा पडायचा. साहेबांचा तो सगळ्यात मोठा पूल आणि त्याचा नकाशा मी गिरवला होता. उद्घाटनाला गावकऱ्यांनी साहेबांना बैलगाडीत बसवून पुलावरून नेलं. गाडी मधोमध आली तेव्हा साहेब खाली वाकून, हात लांबवून कठड्याला बोटं टेकवत होते. लोकांना वाटलं नमस्कार करतात. ते थरथर मोजत होते.

त्यानंतर दर उन्हाळ्यात ते आपल्या सगळ्या पुलांखाली उतरायचे. बरोबर रॉकेलची बाटली, फडकं आणि खडूची पूड. जोड घासून स्वच्छ करायचा, रॉकेल लावायचं, थोडं थांबून पुसून टाकायचं आणि वरून खडूची पांढरी पूड मारायची. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल पुन्हा बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खात्याने असं काही सांगितलेलं नव्हतं. ते रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने जायचे. ऑफिसात म्हणायचे, साहेब माहेरपणाला गेले.

सहाव्या का सातव्या वर्षी त्यांना उन्हाळ्यात जाता आलं नाही, टायफॉइड झाला होता. ते गेले ते पावसाळा लागल्यावर. नदी चढलेली, म्हणून वरून दोर बांधून खाली उतरले. दुपारी ऑफिसात परतले तेव्हा हाताला खडू तसाच होता. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, लाखांदूरच्या पुलाचा नकाशा काढा. मूळ पेन्सिलीचा."

मी काढला. त्यांनी एका जागी बोट ठेवलं. गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईच्या, पोटाला आधार म्हणून उभ्या पट्ट्या असतात. त्यातली एक उभी पट्टी खालच्या आडव्या पट्टीला जिथे चिकटवली होती, तिथून काळी रेघ निघाली होती. वीतभर.

"इथे वेल्डिंग नको होतं," ते म्हणाले. "खालची पट्टी सतत ताणात असते. तिला कारण नसताना आग लावली मी. ही पट्टी खाली टेकवायचीच नव्हती, बोटभर वर सोडायची होती. तेव्हा कळलं नाही."

त्यांनी त्याच दिवशी पूल बंद करा म्हणून लिहिलं. वरच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, चार गावांना तोंड कोण देणार, एक बोर्ड लावा 'जड वाहनांस बंदी' आणि दिवाळीनंतर बघू. साहेबांनी फोन ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले आणि पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. वर छत्री बांधली. दोन्ही टोकांना बाभळीचे काटे ओढून टाकले.

मी कागद घेऊन एकदा तिथे गेले होते. समोर वीस-पंचवीस माणसं होती, दोन ट्रॅक्टर, डोक्यावर शिदोऱ्या घेतलेल्या बायका. एक जण म्हणत होता, "साहेब, ट्राक्टर नाही नेत आमी. बायाईले त पायी जाऊ द्या! बायाईनं का पूल पडते?"

"नाही."

"काहून नाही?"

"एकाला सोडलं की दुसऱ्याला अडवता येत नाही."

"तुमचाच पूल, अन् तुमाले भरवसा नाही?"

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "माझाच आहे, म्हणून तर सांगून राहिलो."

बंदोबस्त मागितला तो आला नाही. एसटीने फेऱ्याच्या रस्त्याने जादा गाडी सोडावी म्हणून त्यांनी लिहिलं, सरकारी होडी मागितली. उत्तर नाही. लोक मग खालच्या अंगाने डोंग्यातून, लाकडी होडक्यातून, जाऊ लागले. साहेबांनी डोंगेवाल्याला हात जोडले, चारच्या वर माणसं घेऊ नको. तो हो म्हणायचा.

नवव्या दिवशी सकाळी रोवणीला निघालेल्या सहा बायका त्या डोंग्यात होत्या. मधल्या ओढीला डोंगा आडवा झाला. साहेबांनी खुर्चीतून पाहिलं. ते काठाने धावत गेले, पोहता येत नसताना छातीभर पाण्यात शिरले, लोकांनी त्यांना ओढून काढलं. चौघी काठाला लागल्या. दोघी नाही.

त्या दोघींतली एक पलीकडच्या गावातली, तिशीच्या आतली, दोन लेकरांची आई. दुसरी तिच्याच शेजारची. तिच्या घरचे पुढे गाव सोडून गेले. साहेब दोन्ही घरी गेले. मी बरोबर नव्हते, पण ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर होता, त्याने सांगितलं. पहिल्या घरी सासू वट्यावर बसली होती. साहेब समोर जाऊन उभे राहिले. सासूच म्हणाली, "तुमचा पूल पडला असता त पडला असता, साहेब. तो त उभाच हाये. माही सून गेली."

साहेब परत जीपमध्ये येऊन बसले.

चौकशी लागली. आता कोणाच्या तरी माथ्यावर मारायला हवं होतं. त्या जोडाशेजारी नंबर होता चार. चार नंबरचा वेल्डर लाखांदूरकडचाच, साधा माणूस, हात थरथरायला लागल्यामुळे घरी बसलेला. वरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमच्या ट्रेसिंगमध्ये जरा चूक झालेली दिसते, ती उभी पट्टी बोटभर वर संपायला हवी होती ना? पुन्हा एकदा नीट काढून द्या. म्हणजे नकाशा बरोबर ठरेल आणि वेल्डरने आपल्या मनाने खालपर्यंत जोड दिला असं होईल. त्यांच्या टेबलावर एक बदलीचा कागद होता. गाव खूप लांबचं होतं, माणसाच्या नावाची जागा रिकामी होती. माझी दोन मुलं लहान होती.

मी काढून दिलं.

इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारचं काम होतं. हात जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात माझा नवा कागद होता, कोणीतरी त्यांना दाखवला असावा. उजेडाकडे धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता फाडतील, ओरडतील.

"रेघ चांगली आली आहे," ते म्हणाले. "पण ही माझी नाही, बाई."

कागद माझ्या टेबलावर ठेवून ते गेले. चौकशीच्या दिवशी त्यांनी आपला पेन्सिलीचा मूळ नकाशा, खाली सही असलेला, स्वतःच पुढे केला. चूक माझी, वेल्डरने मी काढलं तेच केलं, असं लिहून दिलं. माझ्या कागदाचा उल्लेखही केला नाही. ना तेव्हा, ना नंतर कधी.

त्यांची बढती थांबली. त्यांच्याकडून पुलांची कामं काढून इमारतींच्या डागडुजीची दिली. पुढची सगळी वर्षं ते शाळांच्या गळक्या छपरांचे अंदाज करत राहिले, तेही पंधरा-पंधरा पानांचे.

पूल उतरवला तो पुढच्या उन्हाळ्यात. गॅसवाल्यांनी गर्डर कापले तेव्हा साहेबांनी त्या जागेचा तुकडा मागून घेतला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो त्यांनी मला वाचायला दिला. खालची पट्टी अर्ध्याहून जास्त फाटलेली होती. भरलेला एक ट्रॅक्टर मधोमध आला असता तर पूल गेला असता.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बरोबर होतात. हे त्या घरी सांगायला हवं."

ते एरवी माझ्याशी ऑफिसची मराठी बोलायचे. त्या दिवशी अड्याळची भाषा बाहेर आली.

"काय सांगू जाऊन? तुमची सून गेली, पण मी बरोबर होतो? हे का सासूले सांगाचं असते?"

मग खिशातून घडीचा कागद काढला. पेन्सिलीने केलेली गणितं होती.

"सहा बायाईचं वजन किती असते, बाई? तीनशे किलो. तेवढं त्या पुलानं पेललं असतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या हिसाब केला होता. त्या पायी गेल्या असत्या त पोचल्या असत्या. मले मालूम होतं. तरी मी नाही म्हटलं." त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली. "बायाईले सोडलं असतं त मागून बैलगाडी आली असती, तिच्या मागून ट्राक्टर. असं मले वाटलं. पण ते नुसतं वाटणं होतं. हिसाब तीनशे किलोचाच होता."

निवृत्तीनंतर ते अड्याळला राहायला गेले. मी वर्षातून दोनदा जायचे. रोवणीच्या दिवसांत ते दरसाल बसने लाखांदूरला जात, पुढे चालत नदीपर्यंत. तिथे आता सिमेंटचा पूल झाला होता. ते त्यावर चढत नसत. अलीकडच्या काठावर थोडा वेळ उभं राहायचं आणि परतीची बस पकडायची. त्यांचे बाकीचे पूलही एकेक करून गेले. धोका कशालाच नव्हता; रस्ते रुंद झाले आणि वेल्डिंगचे पूल खात्याला नकोसे वाटू लागले, इतकंच. आता नवीन इंजिनीअर मोबाइलवर बाहेरदेशातले वेल्डिंगचे मोठमोठे पूल दाखवतात. त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की हे काम आपल्या जिल्ह्यात कोणी एकट्याने, पत्रं लिहून लिहून, सुरू केलं होतं. मी एकदा एकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, अच्छा, तो बंद पडलेल्या पुलावाला का?

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. आजार मोठा नव्हता. जेवण सुटलं, मग बोलणं. अड्याळला पोचवायला पंधरा-वीस माणसं होतो, ऑफिसातली मी एकटी. तेराव्यानंतर बहिणीने त्यांचे कागद माझ्यासमोर ठेवले. त्यात तो रिपोर्ट होता आणि तीनशे किलोचा कागद. तो घड्यांवर फाटायला आला होता.

मी नदीपलीकडच्या गावी गेले. कशासाठी, ते तेव्हा नीट कळत नव्हतं. त्यांनी जे सांगितलं नाही ते आता तरी सांगावं, एवढंच मनात होतं. खोट्या रेघेचं ओझंही असेल.

सासू अजून होती. खूप म्हातारी, वट्यावर उन्हात बसलेली. मी ओळख सांगितली, साहेब गेले म्हणून सांगितलं, रिपोर्टमधलं वाचून दाखवायला लागले. तिने हाताने थांबवलं.

"मालूम हाये आमाले."

"काय?"

"पूल फाटला होता थे. गॅसवाले पूल कापाले आले तवा याच वट्यावर जेवत. त्याईनंच नेऊन दाखवलं माह्या पोराले. त्यानं हात घालून पाह्यला. बोट जाये आत."

 मग मी तो दुसरा कागद काढला, त्यातलं गणित सांगितलं. सहा बायका, तीनशे किलो. साहेबांना माहीत होतं, पायी सोडता आलं असतं. ऐकून ती रागावेल, शिव्या देईल, असं धरूनच मी बोलले.

ती नदीच्या दिशेला बघत राहिली.

"त्या दिवशी बायाईले सोडलं असतं ना बाई, त माह्या पोरानं ट्राक्टर घातला असता मागून. चालूच करून उभा होता थो. ट्रालीत माणसं बसली होती, माहे दोनी नातू बसले होते." ती म्हणाली, "तुमचा साहेब खुर्चीतून उठला नाही, म्हून राहिलं ते घर."

"मग तुम्ही साहेबांना हे कधी..."

"थो दरसाल ये. आमी इकडून पाहो. त्या काठावर उभा राहे, अन् पलटून जाये. वाटे, येईल आज. पाणी प्याले तरी येईल. मी त्याले तसं बोलली होती ना, मंग आपण होऊन कसं बोलावू? थो आला नाही, आमी गेलो नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी त्याच्या बहिणीले सांगजा. आमचा राग नाही. कवाचाच नाही."

मी तिथून तशीच अड्याळला गेले. संध्याकाळ व्हायची होती. बहीण अंगणात धान पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं, म्हातारीच्या शब्दांत, जसंच्या तसं. तिचं सूप थांबलं नाही. माझं बोलून झाल्यावर थांबलं.

"मले कायले सांगता बाई?" ती म्हणाली. "हे त्याले सांगाचं होतं."